टाकं नसलेली गुहा

त्या वर्षी मला सगळ्यात जास्त राग यायचा तो पाण्याच्या ग्लासाचा. मी सोफ्यावरून नुसती उठले की नवरा हातातलं काम टाकून विचारायचा, "काय हवंय? पाणी? बस तू, मी आणतो." मग ग्लास यायचा, खाली बशी ठेवून. मी बाथरूमला निघाले असले तरी आधी पाणी प्यावं लागायचं.

फेब्रुवारीत मला साधा फ्लू झाला होता. तो जाता जाता हृदयाच्या स्नायूला सूज देऊन गेला. दहा दिवस हॉस्पिटल, मग चार आठवडे रेहा क्लिनिक, म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा चालतं करण्याची इथली, जर्मनीतली शाळा, आणि त्यानंतर घरी बसून सहा महिने पूर्ण होण्याची वाट बघणं. ऑगस्टमध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी सायकलवर बसवून, छातीला वायरी लावून सगळं तपासलं आणि सांगितलं की सूज गेली आहे, हिंडा-फिरा, कामावर जा. "नक्की ना?" हा प्रश्न नवऱ्याने तीनदा विचारला. डॉक्टरांनी तेच उत्तर तीनदा दिलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.

त्यानंतर आमच्या फ्रिजवर चुंबकाने एक फॉर्म लागला. आजारपणानंतर हळूहळू कामावर परतायच्या पद्धतीला इथे 'विडरआइनग्लीडरुंग' म्हणतात. शब्द म्हणतानाच धाप लागते. पहिले दोन आठवडे रोज दोन तास, मग चार, मग सहा. डॉक्टरांची सही झाली होती, माझी जागा रिकामी होती. फॉर्म सोमवारी द्यायचा होता. नवऱ्याचं म्हणणं, अजून तीन महिने रजा वाढवून घेऊ. "काय घाई आहे? हेर्त्सोगेनआउराख कुठे पळून चाललंय का?" माझं ऑफिस तिथे, घरापासून वीस मिनिटांवर. मी त्याच्याशी भांडत होते, पण सही करत नव्हते. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके दिसायचे आणि मी दिवसातून शंभरदा तिकडे बघायची. जिना चढला की बघ, शिंक आली की बघ.

सासू-सासरे जूनपासून आमच्याकडे आले होते. सासूबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. सासरे, म्हणजे बाबा, खुर्चीत बसून सगळं बघत असायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, आणि चाळीस वर्षं दर रविवारी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर गेलेले. दोन महिने ते माझ्या तब्येतीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटायचं, यांना काही पडलेलीच नाही.

मग त्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "सूनबाई, तो नकाशा काय आहे गं?"

रेहामधल्या फिजिओथेरपिस्टने व्यायामाच्या कागदामागे मला एक नकाशा काढून दिला होता. ती फ्रेंकिशे श्वाइत्समधल्या एका खेड्यातली. आमच्याकडून पाऊण तासावर ते डोंगर आहेत. तीन लहान सुळके, दोन गुहा, सगळं मिळून दोन किलोमीटर, पाटी एकही नाही. "वाट नाही, पण जाता येतं," असं ती म्हणाली होती. फॉर्मशेजारी तो कागदही महिनाभर फ्रिजवर लटकत होता.

"उद्या जाऊ," बाबा म्हणाले. "तू आणि मी."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. शनिवारी लेकीच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या, त्याला तिकडे जाणं भागच होतं. त्याने सगळं सांगून पाहिलं, शेवटी बापापुढे त्याचं चालेना. मग त्याने माझी सॅक भरली. दीड लिटरच्या चार बाटल्या, मलमपट्टीचा डबा, चांदीच्या कागदासारखं ते घड्यांचं पांघरूण, दोन टॉर्च आणि एक शिट्टी. हिमालयात चाललेल्या माणसाची तयारी होती. सासूबाईंनी वर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं ठेवलं. लेक दारातून म्हणाली, "पास आउफ, मामा." ती मराठीत ऐकते आणि जर्मनमध्ये बोलते. सांभाळून जा आई, असं तिचं म्हणणं.

त्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे पाऊस पडला नव्हता. पठारावर गाडी लावली तेव्हा वाळवंटात आल्यासारखं वाटलं. गवत पार वाळून गेलेलं, मधूनमधून पांढरे दगड वर आलेले, सुईसारख्या पानांची वाखोल्डरची झुडपं तेवढी हिरवी. झाडीतून राखाडी सुळक्यांची टोकं दिसत होती. पार्कप्लाट्झवर, म्हणजे गाड्या लावायच्या जागी, दोन फलक होते. मी पहिला नीट वाचला, कारण राखीव जंगलात वाट सोडता येत नाही आणि चौदा वर्षं या देशात राहिल्यावर नियम वाचल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही. जंगल राखीव नव्हतं. गुहाही फक्त हिवाळ्यात, वटवाघळं झोपलेली असतात म्हणून बंद. दुसरा फलक लांबलचक होता, तो मी सोडून दिला.

तोवर बाबांनी माझी सॅक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. "यात धोंडे भरलेत का?" त्यांनी एकेक बाटली बाहेर काढली. "दोन किलोमीटरला सहा लिटर पाणी? अगं, गुहा आहेत ना तिथे? गुहा म्हटली की टाकं आलंच."

आता कुणी म्हणेल, एवढं साधं कळलं नाही का? नाही कळलं. मीही पुण्याची. कॉलेजात असताना जेवढे किल्ले पाहिले, तिथे गुहेच्या शेजारी कातळात खोदलेलं टाकं होतंच, आणि त्यात गार पाणी. नियम वाचून पाऊल उचलणारी मी, पण माझ्या डोक्यात गुहेशेजारी अजून टाकं होतं. शिवाय सांगणारा माणूस पाण्याच्या खात्यातला. आम्ही चारही बाटल्या गाडीत ठेवल्या आणि बाबांच्या खिशात मावणारी अर्ध्या लिटरची एक घेऊन निघालो.

पहिला सुळका म्हणजे दोन मजली घराएवढा. बाबा पुढे, मी मागे. ते वळून बघत नव्हते, "जमेल ना?" विचारत नव्हते. आपल्या चालीने जात होते आणि जिथे वळायचं तिथे दोन-तीन दगड एकावर एक ठेवत होते, लगोरी मांडल्यासारखे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा चाळा असेल. मी मागून येऊन ते दगड पुन्हा जिथल्या तिथे ठेवत होते. निसर्गात आपली खूण ठेवून येऊ नये, हे लेकीच्या शाळेच्या प्रत्येक सहलीत मला ऐकवलं गेलं आहे. दगड ठेवायला वाकले की घड्याळ बघत होते. एकशे दहा. एकशे अठरा. मग थांबायचे, तो आकडा खाली यायची वाट बघायची, आणि बाबा पुढे कुठेतरी शांतपणे उभे असायचे, झाडाची साल बघत.

दुसऱ्या सुळक्यावर पोचेपर्यंत अर्धी बाटली संपली. पलीकडे उतरून, झुडपांतून वाकडेतिकडे फिरत आम्ही गुहेशी आलो. तोंड रुंद, आत पंधरा-वीस पावलं जागा, थंड, आणि जमिनीवर पिठासारखी धूळ. दुसरी गुहा जरा वर होती, तिचं काळं भोक दिसत होतं. भूक लागली होती. आम्ही बसलो आणि पुऱ्या खाल्ल्या. सासूबाईंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या लोणच्याबरोबर खाव्यात आणि वर पाणी नसावं, याचा अनुभव ज्याने घेतला नाही त्याने घेऊही नये. उरलेली बाटली दोन-दोन घोटांत संपली.

"थांब, टाकं बघतो," म्हणून बाबा उठले.

त्यांनी गुहेच्या उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. भिंतीला हात लावत आत टोकापर्यंत गेले आणि परत आले. बाहेर येऊन कड्याखालून थोडं पुढे गेले. नव्या घरात पाहुणा जसा दिव्याचं बटण चाचपतो, तसे ते शोधत होते. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली शरम होती.

"ही कुणी खोदलेलीच नाही गं," ते म्हणाले. "आपोआप झालेली गुहा आहे. इथे टाकं कोण कशाला खोदेल?" त्यांनी मूठभर धूळ उचलून बोटांतून सोडली. "चुनखडी आहे. आपला दगड पाणी धरून ठेवतो, हा पिऊन टाकतो. आयुष्यभर हेच शिकवलं मी पोरांना खात्यात."

"असू दे बाबा, जाऊ परत," असं म्हणून मी उठले. ते वळले आणि तिथेच मटकन बसले. पोटरीत पेटका आला होता. मी पाय ताणून धरला, चोळला. जरा उतरला आणि उभं राहताच दुसऱ्या पायात आला. सकाळची रक्तदाबाची गोळी, ऊन, खारट खाणं आणि पाणी नाही. ओठ सुकले होते. "जरा पडतो," म्हणून ते गारव्याला भिंतीशी टेकले. शुद्ध नीट होती, बोलणं नीट होतं, पण चालवणार नव्हतं. मोबाइल काढला तर रेंज नव्हती.

पाणी गाडीत होतं आणि ते कुणीतरी आणायला हवं होतं. गुहेत आम्ही दोघंच होतो.

"जाशील ना?" त्यांनी विचारलं. "मी खुणा ठेवल्यात. दगडावर दगड. त्या धरून गेलीस तर वीस मिनिटांत गाडी."

 मग सांगावंच लागलं. "बाबा, त्या मी काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक. जिथला दगड तिथे ठेवला. इथे तसं चालत नाही म्हणून."

 मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते हसत सुटले, हसता हसता पाय धरून कण्हले, पुन्हा हसले. "मी इथे सह्याद्री शोधतोय आणि तू मागून जर्मनी करत येतेस," ते म्हणाले. "शाब्बास. आता वरून बघ. डोक्यावर तिसरा सुळका आहे, तिथून गाडी दिसेल."

तिसरा सुळका तिन्हींत उंच. वरच्या गुहेच्या कडेने चढायचं होतं आणि शेवटचा टप्पा हात लावून. मी घड्याळ पाहिलं, एकशे चार, आणि चढायला लागले. दगड हाताला तापलेला लागत होता. मधे एकदा पाय घसरला, गुडघा खरचटला, तोंडातून एक शिवी गेली, ती मराठीत की जर्मनमध्ये ते आठवत नाही. छातीत धडधडत होतं. मी ते ऐकत होते आणि चढत होते. मनात एकच होतं, तो माणूस खाली कोरड्या तोंडाने बसलाय.

वर जेमतेम चार माणसं उभी राहतील एवढी जागा होती. चारी बाजूंना पिवळं पठार, मक्याची शेतं, आणि उजवीकडे, मी समजत होते त्याच्या अगदी उलट्या बाजूला, झाडांमागे आमच्या गाडीचं चमकणारं टप. खिशात मोबाइल थरथरला. वर रेंज होती. नवऱ्याचे तीन मेसेज एकदम आले. कशी आहेस? पोचलात का? सगळं ठीक ना?

मी त्याचा नंबर काढला. त्याला सांगितलं असतं तर स्पर्धा सोडून तासाभरात आला असता. आला असता आणि मला गाडीत मागे बसवलं असतं, आणि तो फॉर्म फ्रिजवरून उतरून कचऱ्यात गेला असता. त्याचं चुकलं असतं असंही नाही. फेब्रुवारीत मला श्वास येईना, तेव्हा अँब्युलन्समध्ये माझा हात धरून तोच बसला होता. त्याने जे पाहिलं ते मी पाहिलं नव्हतं. पण गाडी समोर दिसत होती आणि माझे पाय माझ्याखाली उभे होते. मी लिहिलं, "मस्त चाललंय. पुऱ्या खाल्ल्या," आणि मोबाइल खिशात टाकला. दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या.

उतरून गुहेजवळून गाडीकडे जाताना मी खुणा केल्या. दोन दगड, वर तिसरा, प्रत्येक वळणावर. जर्मनीला म्हटलं, आज माफ कर. गाडीशी पोचले, सॅकमधली शिट्टी आणि ते चंदेरी पांघरूण गाडीत टाकलं, सॅकमध्ये दोन बाटल्या घातल्या, एका घोटात पाव लिटर पाणी प्यायले आणि परत निघाले. तीन किलो वजन पाठीवर घेऊन झुडपांतून चढताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय. गुहेत बाबा होते तिथेच, डोळे मिटून. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "आलीस? मला वाटलं संध्याकाळ होईल." ते पाणी प्यायले, मग त्यांनी लोणच्याच्या दोन फोडी चोखल्या, पुन्हा पाणी. सॅकला टेकून मी बसले आणि तेव्हा कुठे घड्याळाची आठवण झाली. नाडीचा आकडा बघायच्या ऐवजी मी वेळ बघितली. जाऊन-येऊन पन्नास मिनिटं लागली होती.

अर्ध्या तासाने बाबा उठले. परतताना ते प्रत्येक खुणेशी थांबले आणि दगड स्वतः वाकून खाली ठेवत गेले. "काम झालं की काढायच्या," ते म्हणाले. "आधी नाही." पार्कप्लाट्झवर मी तो दुसरा, लांबलचक फलक त्यांना वाचून दाखवला. त्यावर लिहिलं होतं की या पठारावरचा दगड पाणी धरत नाही आणि पूर्वी इथली माणसं खालच्या दरीतून डोंगर चढून पाणी वाहून आणायची. बाबा म्हणाले, "सकाळी वाचायला काय झालं होतं तुला?"

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, कसं झालं. मी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेणार होते. पण बाबांनी पान बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. पाणी आपण काढून ठेवलं, टाकं आहे असं आपण म्हणालो, पाय आपले गेले, आणि ही दोनदा डोंगर चढून पाणी घेऊन आली. सासऱ्याने, मुलासमोर, बायकोसमोर, नातीसमोर, आपली चूक अशी ओळीने मांडलेली मी आमच्या घराण्यात तरी पाहिली नव्हती. खुणा मी काढल्या होत्या, हे मात्र त्यांनी गाळलं. ते मीच नंतर सांगितलं.

नवरा पांढरा पडला. "बाबा, तिला काही झालं असतं तर?"

"मला झालं होतं," बाबा म्हणाले. "तिला नाही." आणि भात मागितला.

लेक मराठीत म्हणाली, "आई, तू एकटी गेलीस?" तिला मराठीत प्रश्न विचारताना मी त्या वर्षात पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवारी सकाळी फॉर्म फ्रिजवर नव्हता. माझ्या चहाच्या कपाशेजारी होता आणि त्यावर पेन ठेवलेलं होतं. नवरा पाठ करून भांडी पुसत उभा होता. मी सही केली. त्याने वळून ती पाहिली आणि माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मला सहा महिने वाटत आलं होतं, त्या दिवशी वाटलं नाही. त्याची भीतीही माझ्यावरच्या जिवापोटीच होती, आणि ती त्याने एकट्याने वाहिली होती. हे मला त्याला सांगायला हवं होतं, ते मी पुढे सांगितलं.

सप्टेंबरात सासूबाई आणि बाबा पुण्याला परतले. आता दर रविवारी फोन येतो. सगळे नातेवाईक विचारतात, तब्येत कशी आहे. बाबा विचारतात, "या आठवड्यात कुठे गेलात? पाणी नेलं होतंस ना?" त्यांच्या चुकीइतकं उपयोगी मला त्या वर्षी कुठलंच औषध पडलं नाही. हे त्यांना फोनवर सांगायला जाते तर ते विषय बदलतात.

नोव्हेंबरमधली एक संध्याकाळ. मी पूर्ण वेळ कामाला लागून महिना झाला होता. नवरा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन पसरला होता, मी चार्जर शोधायला म्हणून उठले. त्याने मान वर केली नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "अगं, उठलीच आहेस तर जरा पाणी आण ना."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो उठायला लागला. मी म्हटलं, "बस तू," आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली ग्लास धरला. तो भरून वाहायला लागला तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही.